पाठवणीची मूठ

"बेनिन. तोकोरू गाव. शेत अफियावी होन्सू यांचं. जमीन स्वच्छ," यंत्र म्हणालं, आणि प्रतवारीच्या टेबलाभोवती बसलेल्या बायकांपैकी एकीनं लगेच शेरा मारला, "अफियावीचं बी यंदा लईच बारीक हाय गं. पाऊस कमी झाला असंल तिकडं."

"पाऊस कशाला? नवरा लक्ष देत न्हाई तिचा," दुसरी म्हणाली, आणि सगळ्या हसल्या. अफियावीला किंवा तिच्या नवऱ्याला त्यांच्यापैकी कुणीच पाहिलेलं नव्हतं. पण गेली चार वर्षं त्या बाईचे काजू या टेबलावरून जात होते, तेव्हा एवढा हक्क त्यांना वाटत होता.

चंदगडच्या देसाई काजू कारखान्यात हे रोजचंच झालं होतं. बेनिनहून जहाजानं आलेलं काजूबी इथं वाफवायचं, फोडायचं, भट्टीत वाळवायचं, सोलायचं, आणि मग अख्खे गर एकीकडे, पाकळी दुसरीकडे, तुकडा तिसरीकडे अशी प्रतवारी व्हायची. प्रत्येक ताटातला एक गर उचलून शिवणयंत्राएवढ्या त्या करड्या पेटीच्या खणात ठेवायचा. आत सुईच्या टोकाहून बारीक चटका बसायचा, धुराची एक रेघ उठायची आणि पेटी बोलायला लागायची. कागदोपत्री तिचं नाव होतं मूळवाचक. बायका तिला पोलीसपाटील म्हणत, कारण कोण कुठला, कुणाच्या रानातला, याची चौकशी केल्याशिवाय ती कुणाला गाव सोडू देत नसे.

पेटीची विद्या तशी सरळ होती. झाड मातीतून पाणी ओढतं तेव्हा त्या मातीतली खनिजंही ओढतं. एकाच मूलद्रव्याची काही भावंडं हलकी असतात, काही जड. शास्त्रज्ञ त्यांना समस्थानिकं म्हणतात. जगातल्या प्रत्येक जमिनीत या हलक्या-जड भावंडांचं प्रमाण थोडं थोडं वेगळं असतं आणि ते फळात, बियांत जसंच्या तसं उतरतं. जगभरच्या जमिनींचा तसा नकाशा तयार झाल्यावर काजूचा एक गर जाळून तो कुठल्या माळावर वाढला हे सांगता येऊ लागलं. सुरुवातीला हे पाहून लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग युरोपनं कायदा केला.

कायद्याचा हेतू चांगलाच होता, हे त्याला शिव्या घालणारेसुद्धा मान्य करत. ठरावीक सालानंतर जंगल तोडून जिथं शेती झाली, तिथला एकही दाणा युरोपात उतरणार नाही, असं त्यात म्हटलं होतं. आधी कॉफी, कोको, मग चामडं, आणि गेल्या चार वर्षांपासून काजू. पण हेतू चांगला असला तरी त्याचा खर्च कुणीतरी सोसावाच लागतो. पेटीचं भाडं, नकाशाची वर्गणी, प्रत्येक खोक्यामागे दाखल्याची फी. काजूपेक्षा काजूचा दाखला महाग पडू लागला, आणि तालुक्यातल्या छोट्या कारखान्यांची शटरं एकेक करून खाली आली. देसाईंचा कारखाना टिकला याचं एक कारण म्हणजे मालक सुधाकर देसाई हट्टी होते. दुसरं कारण वैजयंता गावडे.

वैजयंता कोल्हापुरात रसायनशास्त्र शिकून परत आली होती. तिची आई याच टेबलावर बसून काजू निवडायची, आणि लहानपणी वैजयंता शाळा सुटल्यावर दप्तर टेबलाखाली टाकून तिथंच पेंगायची. आता तिचा हुद्दा होता मूळ-अधिकारी. तिच्या सहीशिवाय एकही खोका सीलबंद होत नसे. नव्या बायका तिला मॅडम म्हणत आणि जुन्या वैजू. मॅडम म्हणणाऱ्या तिचं ऐकत. वैजू म्हणणाऱ्यांबद्दल तशी खात्री देता येत नव्हती.

पाठवणीच्या मुठीचं तसंच झालं.

पाडव्यानंतर हंगामातला पहिला कंटेनर निघायचा. त्या दिवशी प्रत्येक बाई आपल्या घरामागच्या परड्यातल्या काजूगरांची एक मूठ घेऊन यायची आणि शेवटच्या खोक्यात टाकायची. कारखाना सुरू झाल्यापासूनची ही रीत. आपल्या दारातून काही परगावी जातंय आणि त्यात आपल्या घरचं काहीच नाही, हे त्यांच्या मनाला पटत नसे. शिवाय घरचा काजू चवीला गोड, त्यामुळे तिकडच्या माणसानं तोंडात टाकला तर त्याला कळावं, असाही थोडा तोरा त्यात होता. कायदा आल्यावर वैजयंतानं ही रीत बंद केली. मुठीतला काजू कुणाच्या जमिनीतला, तिची नोंद आहे की नाही, कोण बघत बसणार? बायकांनी माना डोलावल्या. यंदाही डोलावल्या, आणि वैजयंता सह्या करायला ऑफिसात गेल्यावर शेवटच्या खोक्यात मुठी पडल्याच. पेटीनं ताटं तपासली होती, दाखले निघाले होते. झाली तपासणी, आता कोण बघतंय, असा त्यांचा हिशोब.

पाहणारं तिकडे होतं. रॉटरडॅम बंदरात त्याच वर्षी नवी कमान बसली होती. तिच्याखालून काजू पट्ट्यावरून वाहत जात, आणि ताटातल्या एकाच गराला नव्हे, प्रत्येक गराला चटका बसत असे.

फोन आला तेव्हा वैजयंता डबा उघडून बसली होती. पडद्यावर पिकल्या केसांची, चष्मा कपाळावर चढवलेली एक बाई होती. नाव मरायके. ती डच बोलत होती आणि दुभाषी यंत्र तिचं बोलणं अगदी सरकारी मराठीत ऐकवत होतं.

"आपल्या कंटेनरमध्ये स्थानिक मुळाचे काही गर आढळले आहेत. त्यांपैकी बहुतेक नोंदणीकृत बागांमधील असल्याने आक्षेप नाही. मात्र काही गर वनक्षेत्रातील आहेत. कृपया स्पष्टीकरण सादर करावे."

नकाशावर चंदगडच्या पश्चिमेला, घाटमाथ्याच्या कडेला, एक लाल ठिपका उमटला. काळंद्रीचा डोंगर. वैजयंताची भाकरी हातातच राहिली.

"स्पष्टीकरण दिलं नाही तर?" तिनं विचारलं.

मरायकेनं चष्मा डोळ्यांवर घेतला. "तर संपूर्ण कंटेनर नष्ट करावा लागेल आणि आपली नोंदणी या हंगामापुरती स्थगित होईल. मला ते करण्याची इच्छा नाही, कृपया समजून घ्यावे. जागा आणि तिचा वापर करणारी व्यक्ती कळवल्यास केवळ तेवढे गर वेगळे काढून उर्वरित माल सोडता येतो. आपल्याकडे शुक्रवारपर्यंत वेळ आहे."

"आणि त्या जागेचं काय होतं?"

"ती जगाच्या नकाशावर कायमची लाल नोंदली जाते. अहवाल आपल्या देशाच्या सरकारकडे आपोआप पोहोचतो." यंत्रानं तिचा सुस्कारा भाषांतरित केला नाही. "मला माहीत आहे, त्या ठिपक्याच्या जागी बहुधा कुणाचे तरी घर असते."

हंगामभर कारखाना बंद म्हणजे देसाईंचा कारखाना कायमचा बंद, हे सांगायला हिशोबनीसाची गरज नव्हती. टेबलाभोवतीच्या सगळ्या बायका घरी बसणार. अफियावीसारख्यांचं बी घेणारं इथं कुणी उरणार नाही. वैजयंता टेबलापाशी गेली आणि सगळं जसंच्या तसं सांगितलं. ती ओरडली नाही, ओरडण्याइतकं बळच तिच्यात नव्हतं.

बायकांचे हात थांबले. कुणीच वर बघेना.

"काळंद्रीच्या बाजूची मूठ माजी," टेबलाच्या टोकाला बसलेल्या सगुणा झोरेनं सांगितलं. "दुसऱ्या कुणाची असणार? तिकडं आमचाच वाडा."

सगुणामावशी धनगरवाड्यातल्या. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती, मुलगा गोव्यात ट्रक चालवायचा, घरात सून, नातवंडं आणि चार म्हशी. रोज सकाळी डोंगर उतरून त्या कारखान्यात यायच्या आणि संध्याकाळी चढून जायच्या. वैजयंता लहानपणी टेबलाखाली झोपायची तेव्हा तिच्यावर टाकलेली घोंगडी यांचीच असायची.

"मावशी, तुम्हाला माहीत होतं ना, तुमची जागा कागदावर जंगल आहे ते?"

"म्हाईत हाय की. जमिनीच्या हक्काचा दावा लावला तवा कचेरीतल्या सायबानंच सांगितलं. पिढ्यान्‌पिढ्या ऱ्हातो म्हणताय, पुरावा काय, म्हणाला." त्यांनी हातातला गर ताटात ठेवला. "पर बी झाडाचं हाय, वैजू. झाड आमच्या सासऱ्यानं लावलं. त्या झाडाला म्हाईत न्हाई ते जंगलात हाय म्हून."

देसाईंना हे कळलं तेव्हा त्यांनी आधी कपाळाला हात लावला, मग मुठीच्या रीतीला चार शिव्या हासडल्या, आणि मग त्यांना आठवलं की ती रीत त्यांच्या आईनंच चालू केली होती. त्यामुळे ते थोडे ओशाळले.

"नाव कळवून टाक," ते म्हणाले. "सगळ्यांच्या पोटाचा प्रश्न आहे." खिडकीशी जाऊन ते परत आले. "पण सगुणाला विचारल्याशिवाय नको. तिनं या कारखान्यात टरफलाच्या तेलानं हात जाळून घेतलेत, हातमोजे मिळायच्याही आधी. तिचं घर आपणच दाखवून दिलं, असं माझ्या हातून व्हायचं नाही. काय करायचं ते तूच बघ, वैजयंता."

काय करायचं हे वैजयंतालाही माहीत नव्हतं. तिनं रॉटरडॅमहून आलेला अहवाल पुन्हा उघडला. आकाशातून काढलेल्या छायाचित्रांत काळंद्रीचा उतार हिरवागार दिसत होता. कायदा आकाशातून बघतो, ही त्याची खरी गोम होती. खाली फणस, जांभूळ, हिरडा आणि त्यांच्यामध्ये काजू असं मिसळून लावलेलं असेल तर वरून ते जंगलच दिसतं. आणि जंगलातून बी आलं म्हणजे तिथं आत नुकतीच तोड झाली असणार, असं कायदा धरून चालतो. झोऱ्यांनी सगळं तोडून, जमीन सपाट करून, ओळीत काजू लावले असते तर त्यांची बाग म्हणून केव्हाच नोंद झाली असती. जंगल न तोडल्याची शिक्षा त्यांना होत होती. वैजयंताला याचा इतका राग आला की तिनं अहवाल बंद केला, आणि नंतर पुन्हा उघडला.

मूलद्रव्यांच्या तक्त्यात एक ओळ होती. नत्राच्या जड भावंडाचं प्रमाण अपेक्षेपेक्षा पुष्कळ जास्त. कारण अज्ञात. बाकीच्या बायकांच्या मुठींत तसं काही नव्हतं. जंगलातल्या मातीत तर असं असायलाच नको.

दुसऱ्या दिवशी तिनं फिरती पेटी पाठीला लावली आणि सगुणामावशींबरोबर डोंगर चढायला लागली. वैशाखाचं ऊन होतं. वाटेवर गळून पडलेल्या काजूबोंडांचा आंबूस वास पसरला होता आणि त्यांच्यावर माश्या घोंगावत होत्या. अर्ध्या वाटेत वैजयंता बसली. मावशी उभ्याच राहिल्या.

"दमलीस?"

"पेटी जड आहे."

"दे हिकडं."

"नको, मावशी."

वाडा म्हणजे गवतानं शाकारलेली तीन खोपटी आणि एक गोठा. सुनेनं पाण्याबरोबर ताक आणून ठेवलं. वैजयंतानं गोठ्याच्या मागच्या झाडांकडं पाहिलं. काजू सगळीकडे नव्हते. एका ठिकाणी झुबका, मग हिरडे-जांभळांचं रान, मग आणखी खाली दुसरा झुबका, त्याहून खाली तिसरा.

"ही झाडं अशी घोळक्याघोळक्यानं का लावलीत?"

"गोठा हलवतो न्हवं का आमी," मावशी म्हणाल्या. "एका जागी लई वर्सं जनावरं बांधली की चिखल व्हतो, पिसवा व्हतात. मग गोठा वर सरकवायचा. जुन्या जागंत शेण मुरलेलं असतं, तिथं बिया लावायच्या. ह्यो माज्या म्होरं हलवला. त्यो खालचा सासऱ्यानं. त्येच्या खालचा आजेसासऱ्यानं. तळाला फणसापाशी हाय त्यो कुणाचा, त्ये मला म्हाईत न्हाई."

वैजयंताच्या हातातलं ताक तसंच राहिलं. "शेण," ती म्हणाली. "मावशी, शेण!"

"अगं व्हय, शेण. त्यात काय एवढं?"

मावशींना समजावून सांगताना वैजयंताला हसू आवरेना. गोठ्यात शिरल्यावर नाकात जो उग्र वास जातो, तो शेणामुतातला नत्र हवेत उडून जात असल्यामुळे. पण उडून जातो तो बराचसा हलका नत्र. जड भावंड मागे राहतं, मातीत मुरतं, आणि गोठा हलला तरी पिढ्यान्‌पिढ्या तिथंच बसून असतं. मग त्या मातीतलं झाड ते पितं आणि आपल्या बियांत ठेवतं. पिशवीतल्या खतानं हे होत नाही. मोकळ्या जंगलात तर नाहीच. वर्षानुवर्षं एकाच जागी जनावरं बांधली तरच होतं.

"म्हंजे तुजा पोलीसपाटील माज्या म्हशींचा वास घेतो?"

"तुमच्या म्हशींचा, तुमच्या सासऱ्यांच्या म्हशींचा, आणि त्यांच्याही आधीच्या."

दुपारभर दोघी झुबक्याझुबक्यानं खाली उतरत गेल्या. मावशी बोंडाखालची बी पिरगळून काढायच्या, कोयतीनं टरफल फोडायच्या, आणि चीक हाताला लागू न देता आतला गर वैजयंताला द्यायच्या. पेटी चटका द्यायची आणि आकडा सांगायची. वरच्या झुबक्यात जड नत्र सर्वांत जास्त. सासऱ्यांच्या जागेत त्याहून कमी, कारण काळाच्या ओघात पावसानं थोडं थोडं धुऊन नेलेलं. आजेसासऱ्यांच्या जागेत आणखी कमी. फणसापाशी अगदी थोडं, पण जंगलापेक्षा स्पष्ट जास्त. जितकी खालची पायरी तितकी जुनी. कायद्यानं ठरवलेलं साल वरच्या झुबक्याच्याही अलीकडचं होतं. ही जमीन त्या सालानंतर जंगल तोडून केलेली नव्हती, हे झाडं स्वतःच सांगत होती.

वैजयंता फणसाच्या मुळाशी बसली. एवढा आनंद तिला परीक्षेत पहिली आल्यावरही झाला नव्हता. कंटेनर सुटणार होता. ठिपका लाल राहणार नव्हता. मावशींनी तिला पाणी दिलं आणि विचारलं, "मग आता हे तिकडं कळवायचं?"

तेव्हा वैजयंताचा चेहरा उतरला.

"कळवायचं," ती म्हणाली. "पण मावशी, एक आहे. हा अहवाल तिकडं गेला की आपल्या सरकारकडेही येतो. ते मला थांबवता येत नाही. त्यात हे सगळं असेल. कुठं गोठा होता, किती जुना, कोण राहतं. तुमचं नाव."

"वन खात्याला जाईल?"

"जाईल."

वर सून म्हशींना हाकारत होती. आजवर काळंद्रीचा वाडा लपून राहिला होता, म्हणजे अगदी लपून नव्हे, पण कुणाच्या डोळ्यांवर न येता. दावाही पुराव्याअभावी कचेरीत धूळ खात पडला होता. गार्ड फिरकायचा तेव्हा शेळ्या पलीकडच्या ओहळात उतरवायच्या, चुलीतला धूर कमी करायचा. तोही ताक पिऊन, बघून न बघितल्यासारखं करून जायचा. झोरे कुटुंब टिकलं ते या न बघण्यावर. आणि आता वैजयंता त्यांना उजेडात उभं करायला निघाली होती.

"तुम्ही नको म्हणालात तर मी पाठवणार नाही," ती म्हणाली. तिला ते मनापासून वाटत होतं आणि त्याची भीतीही वाटत होती. "मुळाचा शोध लागला नाही असं लिहीन. देसाईभाऊंनीही तसंच सांगितलंय. तुम्हाला विचारल्याशिवाय काही नको."

"आणि मग कंटेनर?"

"जाळतील."

"आणि कारखाना?"

वैजयंतानं पेटीचं झाकण लावलं.

"मग मला कशाला इचारतीस?" मावशींचा आवाज चढला. त्यांना राग आला होता आणि तो लपवायची त्यांना गरज वाटली नाही. "माज्या मुठीपायी सगळ्या जणी घरी बसल्या, तर सकाळी उटून मी कुटं जाऊ? कुणाला तोंड दावू? आणि तुजं यंत्र! एवढं समदं कळतं त्याला, शेण कुणाच्या म्हशीचं त्ये बी कळतं. मग आमाला हितनं हाकललं तर आमी कुटं जायाचं, त्ये इचार की त्याला!"

वैजयंताच्या डोळ्यांत पाणी आलं. मावशींनी ते पाहिलं आणि त्यांचाही राग ओसरला. त्या शेजारी फणसाला टेकून बसल्या.

"दावा लावला तवा सायेब म्हणाला, पुरावा आणा," मावशी म्हणाल्या. "आमच्याकडं काय व्हतं? आजेसासऱ्याचं नाव सुदिक कुटं लिवलेलं न्हाई. आता ह्ये झाडांनी लिवून ठेवलंय म्हणतीस, तर त्येच पुरावा म्हून चालंल का न्हाई?"

"चालायला हवं," वैजयंता म्हणाली. "चालेलच, असं मला सांगता येत नाही."

"लपून लपून माजं आयुष्य गेलं, वैजू. सुनंचं बी त्यातच चाललंय. नातीला शाळंत पत्ता इचारला तर ती गप ऱ्हाते." त्यांनी पदरानं तोंड पुसलं. "पाठव. माज्या नावानिशी पाठव."

शुक्रवारच्या आतच अहवाल गेला. मरायकेनं तो वाचला, एक-दोन शंका विचारल्या आणि मग ती यंत्राच्या मराठीत म्हणाली, "ही पद्धत आमच्या नियमावलीत नाही. तथापि, ती नाकारण्याचे कारण मला दिसत नाही." त्यानंतर तिनं स्वतःच्या भाषेत काहीतरी हळू म्हटलं. यंत्रानं ते थोडं उशिरा ऐकवलं, "माझ्या आजोबांचाही गोठा होता." ठिपक्याचा रंग लालचा पिवळा झाला. नोंद पडली, जुनी वहिवाट, मिश्र झाडोरा, जनावरांचे गोठे, तीन पिढ्यांहून अधिक. कंटेनर सुटला. देसाईंनी सगळ्यांना जिलेबी वाटली आणि पुढच्या वर्षी मुठी आधी पेटीतून काढायच्या अशी तंबी दिली. बंद करायच्या असं मात्र ते म्हणाले नाहीत. प्रतवारीच्या टेबलावर पुन्हा गप्पा सुरू झाल्या, आणि बायका सगुणामावशींना मुद्दाम जास्तीची जिलेबी देत राहिल्या.

वैजयंताची झोप मात्र उडाली होती. वहिवाट हा शब्द तिला रात्रंदिवस छळत होता. तो हक्काच्या अर्जातही असतो आणि अतिक्रमणाच्या नोटिशीतही.

ज्येष्ठाच्या सुरुवातीला, पाऊस अजून लांब असताना, एका सकाळी मावशींची सून धावत कारखान्यात आली. जीप आली होती. वैजयंता आणि मावशी देसाईंच्या गाडीनं पायथ्यापर्यंत गेल्या आणि तिथून चढल्या. यावेळी वाटेत कुणीच बसलं नाही.

गोठ्यापाशी वन खात्याचा एक तरुण अधिकारी उभा होता. नाव सांगितलं खोत. सोबतचा नेहमीचा गार्ड दूर हिरड्याखाली उभा राहून जमिनीकडे पाहत होता. खोतांच्या हातात पडद्याची पाटी होती आणि पाटीवर काळंद्रीचा नकाशा. त्यावर प्रत्येक जुना गोठा वर्तुळानं दाखवला होता, अगदी फणसापाशीचासुद्धा.

"सगुणा झोरे आपणच का?" त्यांनी विचारलं. सरकारी माणसानं आपल्याला कधी नावानं हाक मारल्याचं मावशींना आठवत नव्हतं. त्यांनी पदर डोक्यावर घेतला.

"मीच."

"बसा, मावशी. घाबरू नका. थोडं ताक मिळालं तर चालेल." खोत खरंच चांगले वाटत होते. त्यांनी ताक घेतलं, म्हशींची चौकशी केली, नातीचं नाव विचारलं. मग ते वैजयंताकडे वळले. "मॅडम, हा अहवाल तुमचाच ना? फार नवं काम आहे. पण मला अडचण अशी आहे की वरून दोन रकाने आलेत. या जागेची नोंद एक तर जुन्या हक्कात करायची, नाहीतर जुन्या अतिक्रमणात. यंत्राचा आकडा दोन्हीकडे चालतो. कुठल्या रकान्यात टाकायचं ते साहेब ठरवणार. मला फक्त राहणाऱ्या माणसाचा जबाब घ्यायचाय."

"आणि साहेब कशावरून ठरवणार?" वैजयंतानं विचारलं.

खोतांनी पाटी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. "ते मलाही कुणी सांगितलेलं नाही."

त्यांनी बोलायचं बटण दाबलं, पाटी मावशींच्या समोर धरली, आणि शक्य तेवढ्या मृदू आवाजात म्हणाले, "सांगा मावशी. तुमची माणसं इथं कधीपासून राहतात?"

मावशींनी खालच्या झाडांकडे पाहिलं, सुनेकडे पाहिलं, आणि मग वैजयंताचा हात घट्ट धरून, पाटीला ऐकू जाईल याची पर्वा न करता, विचारलं, "वैजू, खरं सांगितलं तर जागा आमची व्हईल, का गुन्हा मोठा व्हईल?"